खणाखणाने वाढणारी कांदाचाळ
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घर केवढे, असे विचारले की आपले वाडवडील फुटांत सांगत नसत. 'पाचखणी' किंवा 'सातखणी' असे उत्तर मिळे. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. संसार वाढला, हाती चार पैसे आले की खण वाढवायचा, अशी रीत होती. आज सारख्या मापाचे तयार भाग जोडून मोठमोठ्या इमारती उभारतात, त्यामागेही हाच विचार आहे. तो आपल्या कांदाचाळीला कसा लावावा, हे आज पाहू.

या पद्धतीची जगात गाजलेली पहिली मोठी इमारत उभी राहिली ती एका माळ्याच्या डोक्यातून, हे तुम्हाला ऐकून बरे वाटेल. इंग्लंडमधील जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा. रोपांसाठी काचगृहे बांधता बांधता त्याने लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काचेचा 'क्रिस्टल पॅलेस' योजला. 24 फुटांचा एक खण ठरवला आणि तोच पुन्हा पुन्हा जोडून 1,800 फुटांहून लांब इमारत काही महिन्यांत उभी केली. जागेवर उंच झाडे होती. ती न तोडता तेवढ्या भागाचे छप्पर कमानीने उंच केले. प्रदर्शन संपल्यावर इमारत सुटी करून दुसरीकडे नेली आणि वाढवून पुन्हा उभारली. माप एकच असले, तरी रचना हवी तशी बदलता येते, हे त्यातून दिसले.

मात्र खणाचे माप कोणी ठरवायचे? चाळीत ते कांद्याने ठरवले पाहिजे. हे मी स्वतःच्या घरी ठेच लागून शिकलो. आमची चाळ दोन कप्प्यांची होती, मध्ये मोकळी वाट होती. एका वर्षी कांदा जास्त झाला. वडील म्हणाले, ''वाट रिकामीच आहे, तीही भरू.'' मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. मला कळायला हवे होते, पण खर्च वाचतो म्हणून मीही मान हलवली. श्रावणात चाळ फोडली तेव्हा कडेचा कांदा धड होता. मधल्या कांद्याला पाणी सुटले होते. वर्षाची कमाई उकिरड्यावर गेली.

असे का झाले? साठवलेला कांदाही श्वास घेतो. त्यातून ऊब आणि ओल बाहेर पडते. ती वाऱ्याने निघून गेली पाहिजे. म्हणून कप्प्याची रुंदी 4 फूट आणि कांद्याचा थर 5 फुटांपर्यंत ठेवावा. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच व फटींचा असावा. मधली वाट रिकामी दिसली तरी तिचे काम चालू असते. तेव्हा एकच सूत्र लक्षात ठेवा : चाळ लांबीत वाढवावी, रुंदीत कधीही वाढवू नये.

आता हिशेब करू. लोखंडी पाइप बाजारात साधारणपणे 6 मीटर लांबीचे मिळतात. खण 3 मीटरचा, म्हणजे सुमारे 10 फुटांचा धरला, तर एका पाइपाचे दोन तुकडे होतात आणि काही वाया जात नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना कप्पे असलेल्या अशा एका खणात सुमारे 6 टन कांदा मावतो. चार खणांची 40 फुटी चाळ झाली की क्षमता 25 टनांच्या जवळ जाते. यंदा दोन खणांपुरतेच पैसे असतील तर दोनच बांधावेत. पूर्ण चाळीसाठी कर्ज काढण्याची घाई करू नये.

पुढे वाढवता यावी म्हणून पहिल्या दिवसापासून पुढील काळजी घ्यावी :

1) चाळीच्या ज्या टोकाला पुढचे खण येणार, तेथे जागा मोकळी सोडावी. झाड, विहीर किंवा गोठा तेथे येऊ देऊ नये.

2) प्रत्येक खांबाला स्वतंत्र पाया घ्यावा.

3) सांधे नट-बोल्टचे ठेवावेत. शेवटच्या खांबांना पुढच्या जोडणीची भोके आधीच पाडून घ्यावीत.

4) टोकाची बाजू बांबूच्या तट्ट्याची करावी, म्हणजे ती काढून पुढे लावता येईल.

5) वाऱ्यासाठी लावलेले तिरके आधार नवा खण पक्का होईपर्यंत काढू नयेत.

6) छप्पर कौलांचे किंवा सिमेंटच्या पत्र्यांचे असावे. लोखंडी पत्रा उन्हात फार तापतो.

चार खण पूर्ण झाल्यावर आणखी जागा लागली, तर मध्ये मोकळे अंतर ठेवून दुसरी चाळ सुरू करावी. मापे तीच ठेवावीत, म्हणजे एकीचा सुटा भाग दुसरीला चालतो.

बंधू-भगिनींनो, चाळीत रिकामी जागा दिसली की ती भरण्याचा मोह होतो. त्या वेळी आमच्या घरचा तो श्रावण आठवावा आणि कांद्याऐवजी तेथे वारा राहू द्यावा, एवढीच विनंती.