सायकलच्या चाकालाही वंगण लागतं

बैलगाडीच्या कण्याला वंगण न घालता आपल्या आजोबांनी कधी गाडी जुंपली नसती. मग लेकीच्या सायकलचं चाक वर्षानुवर्षं कोरडं का फिरतं?

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. गटाच्या कामासाठी घरोघरी जाते तेव्हा त्यातल्या काही गोठ्याला टेकवून ठेवलेल्या दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “जड चालते, पोरीला दम लागतो.” मग पोर एसटीची वाट बघते, एसटी चुकली की शाळा बुडते. खराबी पुष्कळदा चाकाच्या आसात असते, आणि ती घरी निघते.

आधी तपासा. चाक उचलून हळूच फिरवा. हाताला खरखर लागली, तर आतलं ग्रीस वाळलंय किंवा माती गेलीय. मग रिम धरून आडवी हलवा. खटखट हललं तर कोन सैल आहे. यातलं काहीच नसेल आणि वर्षभरात उघडलेलं असेल, तर उगाच उघडू नका. गिअरच्या काही नव्या सायकलींत बेअरिंग बंद डबीसारखं असतं, तेही उघडायचं नाही.

“वरून तेल सोडलं तर?” हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच. जुन्या हबला मधोमध तेलाचं भोक असतं, तिथे मशीनचे दोनचार थेंब चालतात. पण जास्त तेल आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं आणि त्यावर धूळ बसते. खायचं तेल तर नकोच, ते चिकट होतं. ग्रीस ट्रॅक्टरच्या गॅरेजात वापरतात तेच चालतं. एक छोटा डबा गटातल्या सगळ्या सायकलींना पुरून उरेल.

सुरुवात पुढच्या चाकापासून करा. सायकल उलटी करा, नट सोडून चाक काढा. खाली जुनी परात ठेवा, नाहीतर छर्रे अंगणभर पळतात आणि कोंबड्या टिपायला येतात! एका बाजूचा नट आणि कोन सोडवा. कोनला पातळ पाना लागतो, तो गटाने एकच घेतला तरी भागतं. आस अलगद ओढा आणि छर्रे मोजून ठेवा. साध्या सायकलला बहुधा पुढे एका बाजूला 10 आणि मागे 9 असतात, पण तुमच्यात निघतील तेवढेच परत घाला. चिंधीला थोडं रॉकेल लावून वाटी, कोन, छर्रे पुसा. चूल पेटलेली असेल तिथे हे काम नको. छर्ऱ्यांना खड्डे पडले असतील तर त्या बाजूचे सगळे बदला, एकदोन नवे मिसळू नका.

आता वाटीत बोटाने ग्रीस भरा. त्यातच छर्रे चिकटून बसतात. आस घाला, कोन हाताने आवळा, मग किंचित मागे सोडा. खरं कसब इथे आहे. फार आवळलं तर चाक अडतं आणि कोन झिजतो, सैल राहिलं तर खटखटतं. कोन हलू न देता नट घट्ट करा. चाक सोडल्यावर व्हॉल्व्हच्या वजनाने तो भाग आपोआप खाली येऊन थांबला, तर जमलं म्हणायचं. रिमला ग्रीस लागलं असेल तर पुसून काढा, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

मागच्या चाकाला चेन आणि फ्रीव्हील असतं. पुढच्यावर हात बसल्यावर ते करा. तोवर दुकानात नेलं तरी चालेल, पण समोर उभं राहून बघा.

वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर हे करावं. दसऱ्याला सायकलला हार घालतोच, त्याच्या आदल्या दिवशी चाकं उघडा. रोज ओढ्यातून जाणारी सायकल मध्ये एकदा जास्त तपासा. आणि मोटारीच्या पाइपचा फवारा आसावर मारू नका, पाणी आत शिरतं.

पुढच्या बैठकीला ज्यांची सायकल जड चालते त्यांनी ती घेऊनच यावं. मुलींनाही आणा, पाना त्यांच्याच हातात द्यायचाय.