हृदयविकार : प्राक्तन नव्हे



कर्ता पुरुष ऐन पन्नाशीत हृदयविकाराने गेला, की समाज त्याला ‘प्राक्तन’ म्हणतो. संशोधन निराळे सांगते. 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखविले, की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. सहभागी इतर देशांत 58.8 व्या वर्षी. याचे मुख्य कारण म्हणजे धोक्याचे घटक येथे तरुणपणीच जडतात. हृदयविकार नसलेल्यांतही पुरेसा व्यायाम करणारे येथे अवघे 6.1 टक्के आढळले, अन्यत्र 21.6 टक्के.

काशीदसारख्या किनारी गावाला याचे महत्त्व अधिक. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांतच खरे गुणकारी ठरते, आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत तोच मोलाचा वेळ सरतो. म्हणून छातीतील कळ ‘पित्त’ समजून अंगावर काढू नये. तत्काळ 108 क्रमांकावर कळवावे. तिशीनंतर रक्तदाब व साखर नियमित तपासावी, तंबाखू सोडावा, रोज अर्धा तास चालावे. प्रत्येक घराने एवढा संकल्प केला, तरी अनेक संसार सावरतील.