‘सो-अँड-सो’ म्हणजे कोण?



शाळेत आपण ‘सो-अँड-सो’चा अर्थ शिकतो ‘अमुक’. ‘मिस्टर सो-अँड-सो’ म्हणजे अमके गृहस्थ. नाव आठवत नसलं किंवा सांगायचं नसलं, की हा शब्द कामाला येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो इंग्रजीत आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडलं. तोंडाशी आलेली शिवी गिळायची आणि तिच्या जागी हा शब्द ठेवायचा. ‘ही इज अ सो-अँड-सो’ म्हटलं, की ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. नाव झाकणारा शब्द शिवीही झाकू लागला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इंग्रजांच्या कोर्टातही नुसती नावापुरती माणसं होती. जमिनीचा ताबा मिळवण्याचा सोपा दावा मुळात कुळासाठी होता. म्हणून मालक कागदावर जॉन डो नावाचं कूळ उभं करी. त्याला हुसकावणारा रिचर्ड रो. दोघंही कधी जन्मालाच आले नव्हते! १८५२च्या कायद्याने ही पद्धत मोडीत निघाली, नावं मात्र राहिली. आपल्या न्यायालयांतही अज्ञात प्रतिवादीविरुद्धच्या हुकुमाला ‘जॉन डो’ आदेश म्हणतात. त्याचंच देशी नाव ‘अशोक कुमार’ आदेश. पण डो काय, अशोक कुमार काय, ही नावंच आहेत. ‘सो-अँड-सो’ ही नुसती रिकामी जागा. तिथे राग बसतो, तशी मायाही बसते.

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं १९४५चं गाणं घ्या, ‘आय’म जस्ट अ लकी सो-अँड-सो’. गाणारा स्वतःलाच हे म्हणतो आणि सुखात म्हणतो. आपण ‘नशीबवान आहे लेकाचा’ म्हणतो ना, तोच सूर.

मराठी भाषांतरात मात्र सरसकट ‘अमका-तमका’ लिहिलेलं दिसतं, आणि वाक्याचा जीव जातो. भाषांतर करणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘सो-अँड-सो’च्या आधी ‘मिस्टर’ असेल तर ‘अमुक’ जरूर लिहा. पण आधी ‘अ’, ‘यू’ किंवा ‘ओल्ड’ दिसलं, तर क्षणभर थांबा, बोलणारा चिडलाय की लाडात आलाय ते पाहा आणि मग ‘मेला’, ‘लबाड’, ‘लेकाचा’ यांतला शोभेल तो शब्द निवडा.