जळगावच्या उन्हाला जर्मन खिडकी?

आजचा विषय आहे खिडकी. घराची खिडकी, लॅपटॉपमधली नाही.

निमित्त माझ्या मामांचं. मामा एसटीतून रिटायर झाले आणि आता जळगावला घर बांधतायत. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे, म्हणजे चुकलं तर दुसरा चान्स नाही. एका खिडकीवाल्याने त्यांना कोटेशन दिलंय: सगळीकडे ट्रिपल ग्लेझिंग, ‘जर्मन पॅसिव्ह हाउस टेक्नॉलॉजी’. साध्या खिडक्यांच्या जवळपास तिप्पट आकडा. मामांनी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि खाली एकच ओळ: ‘इंजिनिअर साहेब, घ्यायच्या का?’

आता मी कोड लिहिणारा माणूस. पण हे गणित गुणाकाराच्या पुढे जात नाही, त्यामुळे तुम्हीही करू शकता.

आधी पॅसिव्ह हाउस म्हणजे काय ते. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली वोल्फगांग फाइस्ट आणि काही कुटुंबं एका नव्या, चार घरांच्या ओळीत राहायला गेली. कल्पना अशी, की भिंती आणि खिडक्या इतक्या चांगल्या करायच्या की हीटिंग जवळजवळ लागूच नये. पुढे त्यातून जो निकष ठरला तो सांगतो: हीटिंगला वर्षभरात चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा नको. तिथे थंडी शून्याखाली जाते. म्हणून खिडकीचं काम दुहेरी: आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि दक्षिणेचं हिवाळी ऊन आत घ्यायचं. तिथली खिडकी म्हणजे फुकटचा हीटर.

आणि जळगावात मे महिन्यात फुकटचा हीटर कुणाला हवाय?

खिडकीचे दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला यू-व्हॅल्यू. आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर खिडकीतून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. साधी एकेरी काच साधारण ५.७, जर्मन पॅसिव्ह हाउसची खिडकी ०.८. दुसरा एसएचजीसी. काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो, तो आकडा. साधी काच ०.८ च्या आसपास, म्हणजे ऐंशी टक्के आत. कोटेशनमध्ये यू-व्हॅल्यू मोठ्या अक्षरात होती. एसएचजीसी कुठेच नव्हता.

आता हिशोब. पश्चिमेची एक खिडकी घेऊ, २ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेपाच बाय चार फूट. दुपारचे चार. बाहेर ४२ अंश, आत ३०. पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरमागे ६०० वॅट ऊन पडतंय असं धरू.

साधी काच: तापमानाच्या फरकामुळे २ गुणिले १२ गुणिले ५.७, म्हणजे १३७ वॅट. उन्हामुळे १२०० चे ऐंशी टक्के, म्हणजे ९६० वॅट. बघा, सातपट! एकूण जवळजवळ ११०० वॅट. खोलीत इस्त्री चालू ठेवल्यासारखं.

जर्मनीत चालते तशी ट्रिपल काच, एसएचजीसी ०.५: फरकामुळे फक्त १९ वॅट, पण उन्हामुळे ६००. एकूण ६१९.

दोनच काचा, पण ऊन अडवणाऱ्या लो-ई कोटिंगच्या, यू-व्हॅल्यू १.६ आणि एसएचजीसी ०.२५: ३८ अधिक ३००. एकूण ३३८. म्हणजे एक काच कमी, आणि उष्णता निम्म्याच्या जवळ.

आता माझा आवडता पर्याय. साधीच काच, पण बाहेरून बांबूची चिक, जी तीन चतुर्थांश ऊन अडवते असं धरा: २४० अधिक १३७. एकूण ३७७. काही लाखांच्या काचेच्या जवळपास जाऊन बसली ना चिक? अट एकच, ती काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काच ओलांडून घरात आलेली असते.

छज्जाचं काय? दक्षिणेला मस्त काम करतो. जळगावात मेमध्ये दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दोन फुटी छज्जाची सावली पूर्ण खिडकी झाकते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा तेच ऊन आत येतं आणि हवंहवंसं वाटतं. पश्चिमेला मात्र चार वाजता सूर्य समोरून येतो. तिथे छज्जा शोभेचा. तिथे चिक, झडपा, उभी जाळी, नाहीतर सरळ खिडकीच लहान करा. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या खिडक्या बारीक का असायच्या, याचं एक उत्तर इथे आहे.

कोटेशनमध्ये आणखी एक गोष्ट होती, ‘एअरटाइट’. पॅसिव्ह हाउस हवाबंद असतं हे खरं, पण त्यात ताजी हवा आणणारं वेगळं यंत्र चोवीस तास चालतं. मामांच्या घरात चालणार कूलर. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट आणि अंग चिकट. म्हणजे कूलरच्या घराला बंद नाही, नीट उघडणारी खिडकी लागते. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. पल्ल्याची जवळजवळ पूर्ण उघडते, आणि बंद केल्यावर रबरी गॅस्केटवर दाबून बसते, धूळ कमी येते. दिवसा बंद, रात्री उघडी.

या जर्मन लोकांवर अन्याय नको. पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूट खिडक्यांना प्रमाणपत्र देताना हवामानाचा विभागही लिहिते. थंड प्रदेशाची खिडकी गरम प्रदेशाला चालेल असं ते म्हणतच नाहीत. आपल्याकडेही बीईईची, म्हणजे एसीवर स्टार देणाऱ्या संस्थेची, इको-निवास संहिता २०१८ आहे. थंड प्रदेश सोडून बाकी ठिकाणी भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेवर तिने चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा घातलीय, आणि त्या सूत्रात काचेतून येणारं ऊन वेगळं मोजलंय. (हे १५ आणि वरचे १५ युनिट, दोन्ही वेगळे. गल्लत करू नका.)

मग मामांना काय कळवलं? एसी फक्त एका बेडरूममध्ये लागणार आहे, तिथे डबल ग्लेझिंग घ्या, कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला. काळपट काच नको. ती स्वतः तापते आणि दिवसा लाइट लावायला लावते. पश्चिमेला लहान खिडकी आणि बाहेरून चिक. बाकी साधी काच, पल्ल्याच्या खिडक्या, आणि स्लॅब पडायच्या आधी छज्जाचं माप मिस्त्रीशी बोलून घ्या, कारण काच नंतर बदलता येते, छज्जा नाही.

आणि खिडकीवाल्याला एकच मेसेज टाका: ‘एसएचजीसी किती, लेखी द्या.’ मामांनी टाकलाय. गेल्या सोमवारपासून दोन निळ्या टिक आहेत.