व्यापाराचें नवें टपाल

(नभोवाणीवरील भाषण)

बीड जिल्ह्यांत गेवराई, माजलगांव, धारूर या बाजूस कापसाचे जिनिंग कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यांतून रुईच्या शंभर गाठी भरून ट्रक दक्षिणेकडील सूतगिरणीस निघावयाचा असला, म्हणजे पूर्वी दिवाणजी बीजक लिहीत, ड्रायव्हरच्या हातीं देत आणि गाडी सुटे. आतां मालाच्या आधीं मालाची माहिती सुटावी लागते. ज्या पेढीची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेलेली आहे, तिनें दुसऱ्या व्यापाऱ्यास द्यावयाचें प्रत्येक बीजक प्रथम शासनाच्या नोंदणी-केंद्राकडे संगणकामार्फत पाठवावें, तेथून ६४ अक्षरांचा नोंदणी-क्रमांक आणि चौकोनी क्यू. आर. खूण मिळवावी, व मगच तें खरेदीदारास द्यावें, असा नियम १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजीं हा नियम प्रथम आला, तेव्हां मर्यादा ५०० कोटींची होती. त्या वेळीं आमच्या भागांतील व्यापाऱ्यांनीं ही मुंबईवाल्यांची डोकेदुखी म्हणून तिकडे पाहिलें असल्यास नवल नाहीं. पण तीन वर्षांच्या आंत ती मर्यादा उतरत उतरत त्यांच्या उंबरठ्यापाशीं आली.

शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांस वाटेल कीं, हा हिशेबनिसांचा विषय. त्याचें भाषण कशाला? परंतु नोंदणीचा क्रमांक नसलेलें बीजक कायद्याच्या दृष्टीनें बीजकच नव्हे. त्यावर भरलेल्या कराची वजावट गिरणीस मागतां येत नाहीं; म्हणून गिरणी पैसे अडकवून ठेवते. गिरणीचे पैसे अडकले कीं कारखानदाराचे अडकतात, आणि त्याच्या दारांत कापसाची गाडी रिकामी करून गेलेल्या शेतकऱ्याचे तर सर्वांच्या आधीं अडकतात. बीजकाच्या एका रकान्यांतील चूक अशी चालत चालत एखाद्या वाडीवरच्या घरापर्यंत जाऊन पोहोंचते.

या देवघेवीस इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, संक्षेपानें ई. डी. आय., असें नांव आहे. बीजकाचें छायाचित्र ई-मेलनें धाडणें म्हणजे ई. डी. आय. नव्हे, तें चित्र पाहून पलीकडच्या कारकुनास सर्व आंकडे पुन्हां लिहावे लागतात. एका पेढीच्या यंत्रानें ठरलेल्या सांच्यांत मजकूर पाठवावा आणि दुसरीच्या यंत्रानें तो, मध्यें मनुष्याचा हात न लागतां, आपल्या वहींत चढवावा, हें यांतील मर्म आहे. १९४८-४९ सालीं बर्लिन शहराची नाकेबंदी झाली व विमानांनीं धान्य-कोळसा पुरवावा लागला, तेव्हां निरनिराळ्या भाषांतील मालयाद्यांचा मोठा घोंटाळा होऊं लागला. एडवर्ड गिल्बर्ट नांवाच्या अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्यानें त्या याद्यांसाठीं एकच सांचा बसविला, आणि या विद्येचा उगम तेथपर्यंत नेण्याची वहिवाट आहे. पुढें १९८७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानें एडिफॅक्ट हा आंतरराष्ट्रीय सांचा मान्य झाला.

कल्पना मात्र आमच्या सराफकट्ट्यास नवी नाहीं. हुंडीचा मजकूर ठरीव असे. ती वाटेंत गहाळ झाली तर पैठ, आणि पैठही गहाळ झाली तर परपैठ लिहून देण्याची रीत होती. मात्र पैसे एकदांच द्यावयाचे. मजकुराचा सांचा, पोचेची खात्री आणि दुबार वसुली होऊं न देण्याची काळजी, या तीनही गोष्टी तींत होत्या. आणि रूपांतराचें म्हणाल, तर बीडइतका त्याचा अनुभव फार थोड्या जिल्ह्यांस असेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. शेजारचा अहमदनगर जिल्हा ब्रिटिश मुलखांत. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार हा सर्वसाधारण हिशेब सीमेवरच्या व्यापाऱ्यास तोंडपाठ ठेवावा लागे.

आज नाण्याचा प्रश्न मिटला, पण मापाचा उभा आहे. आणि माझ्या मतें सॉफ्टवेअरची खरी परीक्षा येथेंच व्हावी. शेतकरी कापूस क्विंटलानें घालतो. कारखाना रुई गाठींनीं मोजतो. गाठ साधारणतः १७० किलोंची. भाव मात्र ठरतो खंडीवर. आणि शासनाच्या सांच्यांत परिमाणाच्या ठरीव खुणांपैकींच एक घालावी लागते; गाठीची वेगळी, क्विंटलाची वेगळी, किलोची वेगळी. आतां खंडी म्हणजे किती? मुळांत ती ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५ किलो ६१६ ग्रॅमांची. बाजारांत सोयीसाठीं ३५६ किलो धरतात. समजा, खंडीस ५०,००० रुपये भाव ठरला आणि शंभर गाठी बरोबर १७,००० किलो भरल्या. ३५६ नें भागल्यास कर सोडून किंमत २३,८७,६४० रुपये येते. कारखान्याचें यंत्र ३५६ धरतें आणि गिरणीचें यंत्र पौंडांवरून आलेला आंकडा धरतें, असें झालें तर एका ट्रकामागें अडीच हजारांहून अधिक रुपयांचा फरक पडतो. दोन मनुष्यें समोरासमोर असतीं तर हा फरक चहाच्या पेल्याबरोबर मिटला असता. यंत्र चहा पीत नाहीं. तें बीजक बाजूला ठेवतें, आणि पुष्कळदां कां ठेवलें हेंही सांगत नाहीं.

म्हणून विक्रेता दाराशीं आला म्हणजे त्यास पहिला प्रश्न किंमतीचा करूं नये. आपल्या मागच्या हंगामांतील खरींखुरीं बीजकें त्याच्यापुढें ठेवावीं आणि म्हणावें, "खंडीचा भाव, गाठींची संख्या आणि किलोंचें वजन हीं तीनही एकाच बीजकांत बसवून दाखवा." विक्रेत्याच्या नमुन्यांतील बीजक नेहमीं साबणाच्या वड्यांचें असतें, त्यांत अडचण कांहींच नसते.

दुसरी गोष्ट, बीजकें मोजावीं. कायद्याची मर्यादा उलाढालीवर आहे, परंतु सॉफ्टवेअरची गरज बीजकांच्या संख्येवर अवलंबून असते. वरच्याच भावानें ५ कोटींची रुई म्हणजे सुमारे एकवीसशे गाठी. शंभर-शंभरांच्या हिशेबानें वर्षांत एकवीस बीजकें! सरकीच्या विक्रीचीं आणखी कांहीं धरा. इतक्या कामास शासनाचें विनामूल्य साधन आणि एक जपून काम करणारा कारकून पुरेसा आहे. त्याच्यावर महागडें यंत्रकारस्थान उभारणें म्हणजे एका गाईसाठीं गोठ्यांना गोठे बांधणें होय. उलट, तेवढ्याच उलाढालीचा औषधांचा घाऊक व्यापारी बीड शहरांत बसून दररोज शंभर दुकानांस माल देत असेल, तर त्याचीं बीजकें वर्षाकांठीं हजारोंनीं होतील. त्यानें हातानें काम करण्याचा हट्ट धरूं नये. त्याचें जमाखर्चाचें सॉफ्टवेअर नोंदणी-केंद्राशीं परस्पर बोललें पाहिजे. मध्यें सुविधा-प्रदाता कंपनी घेतल्यास ती वर्षाचे पैसे घेते कीं दर बीजकामागें, हें लेखी घ्यावें. परदेशी खरेदीदारांशीं ज्यांचा संबंध आहे, त्यांनीं खरेदीदार सांगेल तोच सांचा मुकाट्यानें घ्यावा. तेथें निवड आपली नसतेच.

तिसरी गोष्ट पोचेची. "पाठविलें" आणि "स्वीकारलें" हे दोन शब्द वेगळे आहेत. आमच्याकडे वीज जाते, इंटरनेटची तार तुटते. ऐन हंगामांत, संध्याकाळीं, गाडी भरून उभी असतां. त्या वेळीं पाठविलेलें बीजक वाटेंत राहिलें कीं पोहोंचलें, हें सॉफ्टवेअरनें स्पष्ट शब्दांत दाखविलें पाहिजे. दिवाणजींनीं घाईनें तेंच बीजक नवा क्रमांक घालून दुसऱ्यांदा पाठविलें, तर एकाच मालाचीं दोन बीजकें नोंदलीं जातात. केंद्रावर नोंद रद्द करण्यास मुदत २४ तासांची. त्यानंतर जमेची चिठ्ठी काढण्याची यातायात. दुसऱ्या टोंकास, ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा अधिक आहे, त्यांस १ एप्रिल २०२५ पासून बीजकाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आंतच नोंदणी करावी लागते. मागाहून केंद्र तें घेत नाहीं. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची मुदतही साधारणतः दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी धांवत असते. तेव्हां अडलेलीं बीजकें रोज सायंकाळीं एका यादींत, शक्य तर मराठींत, कारणासह दिसलीं पाहिजेत. ज्या सॉफ्टवेअरांत ही यादी नाहीं, तें फुकट मिळालें तरी घेऊं नये, असें मी म्हणेन.

मदतीस मनुष्य कोण, हेंही पाहावें. मोठ्या नांवाच्या कंपनीचा दूरध्वनी कोठें तरी दूर वाजतो आणि एकामागून एक आंकडे दाबावयास सांगतो. अंबाजोगाईचा किंवा बीडचा एखादा तरुण सल्लागार, ज्यास खंडी म्हणजे काय हें माहीत आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. मात्र सर्व किल्ल्या त्याच्याच कमरेला असूं नयेत. पेढीचा परवलीचा शब्द मालकाजवळ असावा. आणि करार मोडला तर आपलीं जुनीं बीजकें दुसऱ्या यंत्रास वाचतां येतील अशा स्वरूपांत परत मिळतील, हें कलम करारांत आधींच घालावें. कायद्यानें हिशेबाचीं कागदपत्रें त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावीं लागतात. विक्रेत्याची कंपनी तितकी टिकेलच असें नाहीं.

हें सारें कधीं करावें? दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या येऊं लागल्या म्हणजे कोणास श्वास घेण्यास फुरसत नसते. पेरण्या झाल्यावर कारखाने शांत असतात, तोच काळ योग्य. तेव्हां मागच्या हंगामांतलीं वीस बीजकें चांचणीच्या व्यवस्थेंत पुन्हां पाठवून पाहावीं. त्यांतील एकांत खरेदीदाराचा कर-क्रमांक मुद्दाम एका अक्षरानें चुकवावा, एकांत गाठींच्या जागीं क्विंटल घालावे, आणि एक पाठवीत असतां तार काढून टाकावी. मग विक्रेत्यास बाहेर ओसरीवर बसवून, त्या तीन बीजकांचें काय झालें तें दिवाणजींनीं एकट्यानें शोधून सांगावें.