गुडघ्याचा मुका मार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी गुडघ्यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली, आणि पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके व कामगारांचे दवाखान्याचे कागद वाचता वाचता. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींतून माझ्या टेबलावर जे कागद येतात, त्यांत हाताच्या बोटांच्या खालोखाल गुडघाच असतो. बोट तुटले तर ते निदान दिसते तरी.

एका कारखान्यातला एक फिटर. जड डाय हातात धरून तो फलाटावरून खाली उतरला. खालच्या जाळीत बुटाची टाच अडकली आणि अंग मात्र वळले. आत काहीतरी कट्कन वाजल्याचे त्याला स्वतःला ऐकू आले. दोन तासांत गुडघा कोहळ्याएवढा सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे असे सांगण्यात आले. अपघाताच्या नोंदवहीत चारच शब्द पडले, ‘उजव्या गुडघ्यास मुका मार’. पट्टी बांधली, दहा दिवस रजा दिली, आणि गडी पुन्हा पाळीवर हजर.

आठ महिन्यांनी जिन्यावर त्याचा गुडघा आपोआप दगा देऊ लागला. मग एके सकाळी तो अर्धा वाकलेलाच अडकला. काही केल्या सरळ होईना. एम.आर.आय. केला तेव्हा कळले की आतला पुढचा लिगामेंट पुरता तुटला आहे आणि आतल्या बाजूची गादीही फाटली आहे. कारखान्याचे साहेब म्हणाले, “लिगामेंटचे एक वेळ मानू, पण गादी? ती वयाने झिजते, घरी उकिडवे बसूनही फाटते. त्या अपघाताशी तिचा काय संबंध?”

तो संबंध काय, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या घरातला पाटा-वरवंटा डोळ्यांपुढे आणा. मांडीच्या हाडाचे खालचे टोक म्हणजे जोडीने बसविलेले दोन वरवंटे, आणि नडगीच्या हाडाचा माथा म्हणजे जवळजवळ सपाट पाटा. पाट्यावरून वरवंटा घसरू नये म्हणून निसर्गाने चार दोर बांधले आहेत. दोन बाजूंना, आणि दोन मध्यभागी फुलीसारखे एकमेकांवर तिरपे. हेच ते लिगामेंट. पाटा आणि वरवंटा यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आहेत, एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या. आता ज्या जोराने मधला दोर तुटला, तो जोर दोर तुटताच नाहीसा होत नाही. वरवंटा क्षणभर मोकळा सुटतो आणि पाट्यावर आपटतो. गादी चिमटते, हाड आतून ठेचते. ही हाडाची ठेच एक्स-रेत दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये दिसते, आणि पुढचा दोर नुकताच तुटलेल्या बहुतेक गुडघ्यांत ती सापडते.

१९५० साली अमेरिकेतल्या ओडोनोह्यू नावाच्या शल्यविशारदाने पुढचा दोर, आतल्या बाजूचा दोर आणि आतली गादी या तिन्ही इजांच्या एकत्र येण्याला ‘दुर्दैवी त्रिकूट’ म्हटले. पुढे कित्येक वर्षे ते पाठांतरासारखे शिकविले गेले. १९९१ साली दुसऱ्या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलेल्या गुडघ्यांचा हिशेब मांडून दाखविले की ताज्या अपघातात बाहेरची गादीच अधिक वेळा फाटते. आतली गादी पुष्कळदा मागाहून जाते. दोर तुटलेल्या गुडघ्यावर माणूस महिनोन् महिने चालत राहतो, वरवंटा दररोज थोडा घसरतो, आणि ती झिजत झिजत फाटते. म्हणजे साहेबांनी गादी नंतर गेली असे म्हटले ते कदाचित खरेही असेल. पण ती नंतर का गेली?

तरीही एक प्रश्न उरलाच. दोर त्याच दिवशी तुटला हे सिद्ध कसे करावयाचे? इथे त्या फिटरच्या बायकोचे उपकार झाले. पहिल्या दिवशीची एक्स-रेची फिल्म तिने ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी जपून ठेवली होती. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती उजेडावर धरली आणि नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा हाडाचा टवका दाखविला. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८७९ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्यापूर्वी सोळा वर्षे, मृतदेहांचे गुडघे पिळून हाच टवका वर्णन केला होता. तो दिसला की मधला पुढचा दोर बहुधा तुटलेलाच असतो. हाड शाबूत म्हणणाऱ्याच्या नजरेतून ती कणी निसटली होती. वैद्यकीय मंडळाने अखेर दोन्ही इजा एकाच अपघाताच्या धरल्या. शस्त्रक्रिया झाली. मात्र त्याला आजही उकिडवे बसता येत नाही, आणि उकिडवे बसता न येणारा फिटर म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कामगारांना सांगावयास नको.

यात पैशाचा भाग आहे. राज्य विम्यात साध्या आजारपणाला मजुरीच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावरच्या इजेला ९० टक्के, आणि माणूस कामाला अयोग्य असेतोवर. कामावर येता-जाता झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीने त्यात आला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो ठेवला. म्हणून नोंदवहीत ‘मुका मार’ लिहू देऊ नका. टाच अडकली, अंग वळले, आवाज आला, इतक्या वेळात सूज आली, हे सारे लिहवून घ्या. सूज तासाभरात आली तर आत रक्त साठले असे समजावे. (रविवारी कबड्डीत चढाई करताना घोटा धरला गेला आणि गुडघा गेला, तर इजा तंतोतंत हीच, मात्र तिला कामावरच्या इजेचे पैसे मिळत नाहीत.)

आता याहून भयंकर गोष्ट. मोटारसायकलवरून पडताना कधी कधी दोन-तीन दोर एकदम तुटतात आणि सांधाच निखळतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो पुष्कळदा आपोआप जागेवर बसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की नुसती सूज आहे. गुडघ्यामागच्या लवणीतून पायाची मोठी रक्तवाहिनी जाते. ती ताणून फाटली आणि सहा ते आठ तासांत रक्त पुन्हा सुरू झाले नाही, तर पाय कापावा लागण्याची पाळी येते. बाहेरच्या बाजूची शीर दुखावली तर पाऊल लोंबते, वर उचलत नाही. क्रिकेटपटू ऋषभ पंत याची मोटार ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ उलटली, तेव्हा त्याचा उजवा गुडघा असाच निखळला होता. त्याला विमानाने मुंबईस आणले, कोकिळाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ परडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली, आणि मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला. दोर तुटले होते, पण रक्तवाहिनी आणि शीर वाचली होती. सारे त्यावर होते.

विमान आपल्याला मिळणार नाही. पण पावलाच्या वरच्या अंगावर दोन बोटे ठेवून नाडी लागते का ते पाहावयास काही खर्च येत नाही. पाऊल गार पडले आहे का, अंगठा वर उचलतो का, एवढे पाहावे. नाडी लागली तरी गुडघा निखळल्याचा संशय डॉक्टरांच्या कानावर घालावा, आणि रक्तवाहिनी तपासली का, असे स्पष्ट विचारावे. तिसऱ्या पाळीच्या माणसाला हे रात्री दोन वाजता, पंढरपूरच्या नाक्यावर, एकट्याने करावे लागते. म्हणून मी म्हणतो की ते त्याच्या सोबत्यालाही माहीत असावे. ज्यांना पावलावरची नाडी कुठे लागते ते पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे, मी दाखवीन.