परवानगीचा अर्ज



शाळेत हे पुस्तक नको, तो धडा काढा, असे वाद ऐकले की आपल्याच जिल्ह्याचा जुना काळ माझ्या डोळ्यांपुढे येतो. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, बाजारात मराठी. सरकारी शाळेत वरच्या वर्गांना मात्र उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. यात उर्दूचा काहीच दोष नाही. ती गोड भाषा परभणीच्या गल्ल्यांत आजही नांदते. दोष सक्तीचा होता, आणि परवानगीचा. खासगी शाळा काढायची, तर परवानगी. सभा घ्यायची, तर गश्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकाप्रमाणे परवानगी. बाहेरच्या कित्येक वर्तमानपत्रांना संस्थानात बंदी. पुस्तक जप्त करायला पोलीस यावाच लागतो असं नाही. अर्ज दाबून ठेवला की शाळाच निघत नाही. ही रीत मला जप्तीहून भयंकर वाटते, कारण तिची कुठे बातमी होत नाही.

त्या काळात बी. रघुनाथ याच परभणीत सरकारी कारकुनी करत मराठी कविता, कादंबऱ्या लिहीत होते. कचेरीची भाषा उर्दू, लेखणीची मराठी.

१९३८ साली याच संस्थानात, औरंगाबादेत आणि उस्मानियात, वसतिगृहांतल्या मुलांना वंदे मातरम् म्हणायला मनाई झाली. मुलं हटली नाहीत, तेव्हा त्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारं उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

आज निजामाचं राज्य नाही, पण धाक आहे. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकरांनी राजीनामा दिला, तरी पुण्यात त्यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्या चित्राने ज्यांचं मन दुखावलं त्यांचं दुःख खरंच होतं. ते दुःख वर्गात, शिक्षकांसमोर, मुलांना मांडता आलं असतं. चित्रच गेलं आणि ती संधीही गेली.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. पुस्तकाबद्दल तक्रार आली, तर ते कपाटात कोंडण्याआधी तक्रार करणाऱ्यांना शाळेत बोलवा. ते पान त्यांच्यासोबत मोठ्याने वाचा, आणि तेव्हा मुलांनाही तिथे बसू द्या.